डोंगरपायथ्याचा मुक्काम : शालेय निवासी सहलीविषयी काही विचार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या, की सहलीच्या परवानगीचे अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागात येऊ लागतात. पहाटे चार वाजता एस. टी. निघावी, दिवसभरात सात-आठ ठिकाणे उरकावीत आणि रात्री अकराच्या सुमारास पेंगुळलेली मुले पालकांच्या स्वाधीन करावीत, असा ह्या सहलींचा बहुधा ठरलेला साचा असतो. अशा सहलींतून मुलांना काहीच लाभत नाही, असे मी म्हणणार नाही. तथापि गेल्या काही वर्षांत निराळ्या प्रकारचे अर्जही येऊ लागले आहेत. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या निसर्ग व साहस केंद्रात दोन-तीन रात्री मुक्काम करावयाचा, तंबूत अथवा साध्या निवासात राहावयाचे, डोंगर चढावयाचा, दोरीच्या आधाराने खडक उतरावयास शिकावयाचे, नकाशा व होकायंत्र हाताळावयाचे आणि रात्री तारे पाहावयाचे, असा त्यांचा कार्यक्रम असतो.

अशा निवासी सहलींविषयी केंद्रसंमेलनांत मला तीन प्रश्न हटकून विचारले जातात. आपल्या खेड्यातील मुलांना हे कशाला हवे? तेथे काही विपरीत घडल्यास जबाबदार कोण? आणि खर्चाचे काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे अनुभवाच्या आधारे देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. ही कल्पना कोठून आली?

मुलांना काही दिवस घराबाहेर, उघड्यावर राहावयास नेऊन त्यांच्याकडून कामे करवून घेणे, हा शिक्षणाचा एक मार्ग आहे, हा विचार गेल्या शतकाच्या आरंभी रुजू लागला. १९०७ साली बेडन-पॉवेल ह्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यात सधन घरची मुले आणि कामकऱ्यांची मुले एकाच तंबूत राहिली. बालवीर चळवळीचा उगम ह्या शिबिरात आहे, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेलच.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, कुर्ट हान ह्या शिक्षणतज्ज्ञांच्या प्रेरणेने वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुणांसाठी एक निवासी शाळा निघाली. शत्रूच्या माऱ्याने जहाज बुडाल्यावर तरणेबांड खलाशी लवकर हातपाय गाळतात आणि वयाने मोठे, मुरलेले खलाशी मात्र तग धरतात, असे जहाजधन्यांच्या ध्यानात आले होते. तरुणांच्या अंगात बळाची उणीव नव्हती. आपण ह्यातून निभावू शकू, हा विश्वास त्यांच्या ठायी नव्हता. तो विश्वास समुद्र आणि डोंगर ह्यांच्या सान्निध्यात शिकविता येईल, अशी हान ह्यांची धारणा होती.

आपल्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे उदाहरण मात्र तिसरे आहे. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्याच्या शिक्षण विभागाने बक्स्टन गावाजवळ व्हाइट हॉल नावाच्या वास्तूत स्वतःचे केंद्र काढले. एखाद्या स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या शाळांतील मुलांसाठी चालविलेल्या अशा केंद्रांपैकी ते अगदी आरंभीचे होय. त्या परगण्याचे शिक्षण संचालक जॅक लाँगलँड हे १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झालेले गिर्यारोहक होते. डोंगराचा अनुभव केवळ पैसेवाल्यांच्या मुलांपुरता राहू नये, ही दृष्टी ह्या उपक्रमामागे होती.

आपल्या देशात तेनसिंग व हिलरी ह्यांनी १९५३ साली एव्हरेस्ट सर केल्यावर, १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात सह्याद्रीतील किल्ले आणि कडे पायांखाली घालणाऱ्या गिर्यारोहण मंडळांनी ही विद्या वाढविली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाचे सुचविले आहेत. निवासी सहल ही त्या विचाराशी जुळणारी आहे. ती अभ्यासातून चोरलेली सुट्टी नव्हे.

२. खेड्यातील मुलास तेथे नवे काय मिळते?

शहरातील मुलांना रान दाखवावे लागते. आपल्या मुलांचे तसे नाही. शेळ्या वळणारा सहावीतला मुलगा खडकावर केंद्रातील प्रशिक्षकापेक्षा सफाईने चालतो. चूल पेटविणे, पाणी भरणे, अंधारात पाऊलवाट ओळखणे ही कामे मुलींच्या नित्याच्या अंगवळणी पडलेली असतात. मग दोन-चार दिवसांसाठी पैसे मोजून ह्या मुलांना डोंगरातच नेण्यात हशील काय, असे शिक्षक विचारतात.

माझ्या मते लाभ दोन आहेत. आपल्याला जे येते ते 'ज्ञान' आहे, हे मुलाला तेथे प्रथमच कळते, हा पहिला. एका निवासी शिबिरात दोरीच्या गाठींचा पाठ चालू होता. प्रशिक्षकांनी गाठ दाखविली आणि मुलांना करावयास सांगितली. शाळेत कधी बोट वर न करणारी सातवीतील एक मुलगी ती गाठ मारून मोकळीही झाली. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, आम्ही वैरणीचा भारा असाच बांधतो. दाव्याची गाठ निराळी असते, ती दाखवू का?" त्यानंतर तिने निरगाठ, सुरगाठ आणि बैलाच्या दाव्याची गाठ सर्वांसमोर करून दाखविली. प्रत्येक गाठ कोठे चालते व कोठे चालत नाही, ते सांगितले. शिबिराहून परतल्यावर गणिताच्या तासालाही ती मुलगी बोलू लागली, असे तिच्या वर्गशिक्षकांनी मला कळविले. तिचे गणित एका गाठीने सुधारले, असा माझा दावा नाही. परंतु वर्गात आपल्याही बोलण्याला किंमत आहे, हे तिला पटले होते.

दुसरा लाभ घराबाहेर राहण्याचा. रान मुलांना नवे नसले तरी घराबाहेरची रात्र बहुतेकांना नवी असते. आश्रमशाळेतील मुले ह्याला अपवाद आहेत. त्यांच्या बाबतीत शिबिराची आखणी निराळी करावी. इतर मुले मात्र मामाच्या गावापलीकडे क्वचितच मुक्कामाला राहिलेली असतात. आपले अंथरूण आपण घालणे, आपले ताट आपण घासणे, ज्याच्याशी गावात बोलणे नाही त्याच्या शेजारी निजणे, सर्वांनी एकाच पंक्तीत एकच अन्न जेवणे, ह्या गोष्टी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील धड्याने साधत नाहीत. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सकाळी उठल्यावर पाण्याची, केरवाऱ्याची वा धाकट्या भावंडांची चिंता नाही, असे तीन दिवस कित्येक मुलींच्या वाट्याला ह्या सहलीतच प्रथम येतात. म्हणून मुलींना वगळून निवासी सहल काढू नये. पालक नाही म्हणाले, की तेवढ्यावर थांबू नये. शिक्षिकेने घरी जाऊन मातेशी बोलावे. बहुतेक घरांत अखेरचा होकार मातेच्या विश्वासावर अवलंबून असतो.

३. जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. शिक्षकांची अशी समजूत असते, की केंद्राकडे प्रशिक्षक असतात, दोर असतात, शिरस्त्राणे असतात. तेव्हा तेथे पोहोचल्यावर आपले काम संपले. ही समजूत घातक आहे.

दिनांक २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम उपसागरात प्लिमथ येथील शाळेची आठ मुले, त्यांचे शिक्षक आणि केंद्राचे दोन प्रशिक्षक छोट्या होड्यांतून निघाले. वारा वाढला, होड्या भरकटल्या, मदत फार उशिरा पोहोचली आणि चार मुले दगावली. ह्या घटनेनंतर १९९५ मध्ये तेथील संसदेने साहस केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादकडील २४ विद्यार्थी, वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर तरंगजाकिटे नव्हती.

ह्या घटना भीती घालण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. चारही घटना पाण्यात घडल्या, एवढे मात्र शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. मुले कडा पाहून आपोआप जपतात. पाणी पाहून धावतात. त्यातही विहिरीत पोहणाऱ्या खेड्यातील मुलास आपल्याला पोहता येते, असा भरवसा असतो. विहिरीचे पाणी स्थिर असते आणि काठ हाताशी असतो. नदीला ओढ असते, समुद्राला ओहोटी असते, धरणाच्या जलाशयात बुडालेली झाडे व गाळ असतो. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या पाण्यात कोणीही उतरावयाचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच सर्वांस सांगावा. धरणाच्या खालच्या अंगास असलेल्या नदीपात्रात, ते कोरडे दिसले तरी, मुलांना नेऊ नये.

ह्या ठिकाणी मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. १९९८ साली मी प्राथमिक शिक्षक असताना कळसूबाईच्या रांगेत बेचाळीस मुलांची सहल नेली होती. डोंगर चढताना दर टप्प्यावर मी मुले मोजीत होतो. उतरताना मात्र सर्व थकले होते, पायथा दिसत होता, आणि बरोबरच्या वाटाड्याने "सगळी आली, गुरुजी," असे सांगितले. मी त्यावर विसंबलो. पायथ्याशी पंक्ती बसल्यावर एक ताट रिकामे राहिले. पुढची चाळीस मिनिटे मी कशी काढली, ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. मुलगा सापडला तो वाटेपासून थोड्या अंतरावर, एका धनगर बाबांपाशी. त्यांची एक शेळी वीत होती, करडू आडले होते आणि हा पठ्ठ्या बाह्या वर करून त्यांना मदत करीत होता. "गुरुजी, तिला तशीच सोडून कसा येणार?" असे त्याने मलाच विचारले. त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. तो आपले काम करीत होता. माझे काम मी दुसऱ्यावर सोपविले होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळीत आलो. मुलांची मोजणी शाळेच्या शिक्षकानेच करावयाची, हजेरीपटावरून नावानिशी करावयाची, आणि चढताना जितक्या वेळा त्याहून अधिक वेळा उतरताना करावयाची. डोंगरातील अपघात बहुधा परतीच्या वाटेवर होतात. पाय थकलेले असतात आणि मन घरी पोहोचलेले असते. मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात. जोडीदार दिसेनासा झाला, की तत्क्षणी सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवावे. सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक मोठे माणूस असावे. मागच्याने कोणत्याही कारणाने कोणास ओलांडून पुढे जाऊ नये. दर दहा मुलांमागे निदान एक मोठे माणूस असावे, आणि मुली असतील तेथे शिक्षिका असलीच पाहिजे.

४. केंद्राची निवड

केंद्र निवडताना छापील पत्रकावरील चित्रांवर जाऊ नये. मुख्याध्यापकाने किंवा सहलप्रमुखाने आधी स्वतः तेथे जाऊन यावे, शक्य तर एक रात्र राहावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून असे उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. नोंदणीचा कागद पाहावयास मागावा. तो मागण्यात संकोच नसावा. उत्तम केंद्राचा चालक तो आपण होऊन पुढे करतो.

त्यानंतर पुढील गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. दोर विरलेले वा उन्हाने पांढरे पडलेले आहेत काय? लहान मुलांच्या मापाची शिरस्त्राणे व कमरेचे पट्टे पुरेसे आहेत काय? पिण्याचे पाणी कोठून येते? मुलींची स्वच्छतागृहे स्वतंत्र आहेत काय, त्यांना आतून कडी आहे काय, आणि रात्री तेथवर उजेड पोहोचतो काय? जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, तेथे सर्पदंशावरील लस असते काय? केंद्रात दूरध्वनीला संपर्क मिळतो काय? रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. परंतु डोंगराच्या घडीत संपर्कच नसेल तर तो क्रमांक पाठ असून उपयोग नाही. अशा ठिकाणी एक वाहन रात्रंदिवस केंद्रात उभे असावे.

आणखी एक बाब स्पष्ट लिहितो. केंद्रातील कोणीही पुरुष कर्मचारी वा प्रशिक्षक एखाद्या मुलामुलीसह एकटा असणार नाही, अशी व्यवस्था आधीच ठरवून घ्यावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम शिबिरातही लागू असतो. मुलांना, विशेषतः मुलींना, "काही वावगे वाटले तर कोणत्याही वेळी बाईंना उठवा," असे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

५. निघण्यापूर्वीचा महिना

निवासी सहलीची खरी सुरुवात शाळेच्या अंगणात होते. मी पुढील तीन पाठ सुचवितो.

पहिला पाठ सावलीचा. अंगणात हातभर काठी सरळ रोवावी आणि मध्यान्हीच्या सुमारास तिच्या सावलीचे टोक दर दहा मिनिटांनी खुणावे. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य मध्यान्ही दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून सर्वांत आखूड सावली बरोबर उत्तर दाखविते. ही रेघ आखून ठेवली, की मुलांना होकायंत्र हाती येण्यापूर्वीच त्याचा अर्थ कळतो.

दुसरा पाठ नकाशाचा. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता प्रत्येक मुलाने पावले मोजून कागदावर काढावा. प्रमाण, दिशा आणि खुणा ह्यांची उकल ह्या एका उद्योगात होते.

तिसरा पाठ सामानाचा. यादी मुलांनी स्वतः करावी; शिक्षकाने ती नंतर तपासावी. पांघरूण, टोपी, पाण्याची बाटली, दोन जोड कपडे, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे, विजेरी आणि ताट-वाटी इतके पुरते. नवीन बूट घालून डोंगर चढू नये. जुने, पायाला सरावलेले बरे. भ्रमणध्वनी मुलांजवळ नसावा, शिक्षकांजवळ असावा.

कागदोपत्री तयारीत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वरिष्ठ कार्यालयाची परवानगी आणि पालकांचे लेखी संमतिपत्र आवश्यक आहे. संमतिपत्रात मुलाच्या प्रकृतीची माहिती विचारावी: दमा, फेफरे, एखाद्या औषधाची वा मधमाशीच्या दंशाची बाधा, झोपेत चालण्याची सवय. अंथरूण ओले होण्याचा त्रास काही मुलांना मोठेपणीही असतो आणि त्या लाजेपायी ती सहलीचे नावच काढीत नाहीत. पालकांकडून ही गोष्ट एकांतात समजून घ्यावी, त्या मुलाची झोपण्याची जागा दाराजवळ ठेवावी आणि रात्री एकदा त्याला हळूच उठवावे. दुसऱ्या कोणालाही ते कळता कामा नये.

६. मुक्कामाचे दिवस

दिवसाचा कार्यक्रम गच्च भरू नये. सकाळी एक मोठा उपक्रम, दुपारी विश्रांती, तिसऱ्या प्रहरी एक छोटा उपक्रम आणि रात्री आकाशदर्शन, एवढे पुरेसे होते. दोरीने कडा उतरताना एखादे मूल घाबरले, तर त्याची टिंगल होऊ देऊ नये आणि त्याला ढकलूही नये. 'आज नाही' म्हणण्याचा हक्क मुलाला असला पाहिजे. दुसऱ्याचा दोर धरून उभे राहणे हेही धाडसाइतकेच मोलाचे काम आहे, हे शिक्षकाने बोलून दाखवावे.

डोंगर चढताना शिक्षकाने अधूनमधून थांबावे आणि विचारावे. समोरच्या डोंगरात पायऱ्यांसारखे थर दिसतात, ते किती? सह्याद्रीचे हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या शिलारसाचे आहेत. एकावर एक असे लोट थिजत गेले आणि त्यांचे हे डोंगर झाले. वाटेवरील कारवीच्या काठ्यांचे कूड मुलांच्या ओळखीचे असतात. पण ती कारवी साधारणतः सात वर्षांतून एकदाच फुलते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. किल्ल्यावर खडकात खोदलेले पाण्याचे टाके दिसले, तर ते किती हात लांब-रुंद आहे, ते मोजावयास लावावे. त्यात किती घागरी पाणी मावेल आणि शंभर माणसांना ते किती दिवस पुरेल, हा हिशेब मुले तेथेच, खडकावर बसून करतात. घनफळाचा तो धडा ती विसरत नाहीत.

कड्यावर आग्यामोहोळ लोंबत असल्यास त्याच्या आसपास धूर, आरडाओरड वा दगडफेक होऊ देऊ नये. मार्ग बदलावा.

७. रात्र

मुलांच्या मनाची परीक्षा दिवसा होत नाही, रात्री होते. पहिल्या रात्री दिवे मालवल्यावर कोणीतरी मुसमुसू लागते. अशा वेळी "एवढा मोठा झालास आणि रडतोस?" असे म्हणू नये. जवळ बसावे, घरच्या गाईगुरांची, भावंडांची चौकशी करावी. मूल बोलता बोलता झोपी जाते. घरी दूरध्वनी जोडून देण्याची घाई केल्यास रडणे वाढते, असा माझा अनुभव आहे. मात्र ताप वा पोटदुखी असेल, तर पालकांना कळविण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

निजण्यापूर्वी आकाश पाहावे. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेच्या बाजूस मृग नक्षत्र वर आलेले असते. त्याच्या मध्यभागी एका ओळीतले तीन तारे म्हणजे बाण. ती रेघ खाली वाढविली, की तेजस्वी व्याध आणि वर वाढविली, की तांबूस रोहिणी व पुढे कृत्तिकांचा पुंजका सापडतो. उत्तरेकडे ध्रुव शोधावा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. उत्तर महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून साधारण दोन मुठी उंच दिसतो, कारण आपले अक्षांश विसाच्या आसपास आहेत. भूगोलाच्या पुस्तकातील 'अक्षांश' हा शब्द अशा रीतीने मुलांच्या मुठीत येतो.

जमिनीवर झोपावयाचे असल्यास मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत पुष्कळदा कळतही नाही. पहाटे एखादे मूल पोटात दुखते, पापण्या जड झाल्या, गिळता येत नाही असे म्हणू लागले, तर दंशाची खूण शोधीत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. दंश झाल्यास जखमेवर काप देणे, रक्त चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे प्रकार करू नयेत. मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलू देऊ नये. विंचवाच्या बाबतीतही मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी विंचूदंशावरील उपचारांत केलेल्या संशोधनामुळे ग्रामीण भागातील असंख्य रुग्णांचे प्राण वाचले आहेत. परंतु त्या उपचाराचा लाभ वेळेवर पोहोचणाऱ्यासच मिळतो. सकाळी बूट व पांघरूण झटकल्यावाचून वापरू नये.

८. खर्च

काही केंद्रांचे दर आपल्या पालकांना परवडणारे नसतात, हे मान्य केले पाहिजे. ज्या सहलीत गरिबाचे मूल शाळेतच राहते ती सहल काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे न भरलेल्यांची नावे वर्गात वाचून दाखविणे तर सर्वथैव वर्ज्य मानावे. खर्च उतरविण्याचे मार्ग आहेत. एस. टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते. पालकांनी रोख रकमेऐवजी शिधा दिला, तर जेवणाचा खर्च पुष्कळ कमी होतो. दोन लहान शाळांनी एकत्र जावे. तेही जमत नसल्यास डोंगरपायथ्याच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत, तेथील शिक्षकांच्या व ग्रामस्थांच्या संमतीने, दोन रात्री उतरावे आणि अनुभवी गिर्यारोहकास तेथे पाचारण करावे. पुढील वर्षी त्या शाळेची मुले आपल्या गावी मुक्कामास यावीत. इमारत साधी असली तरी चालते. शिक्षकाची आखणी पक्की हवी.

९. परत आल्यानंतर

बहुतेक सहली एस. टी. गावात शिरताच संपतात. निवासी सहल त्यानंतर निदान पंधरा दिवस चालली पाहिजे. मुलांनी काढलेले नकाशे भिंतीवर लावावेत. टाक्याचा हिशेब फळ्यावर मांडावा. "माझी सहल" हा निबंध न देता, "त्या तीन दिवसांत तुला दुसऱ्या कोणाची मदत झाली?" एवढाच प्रश्न लिहावयास द्यावा, उत्तरे वाचून शिक्षकालाच आपला वर्ग नव्याने कळतो. पालकसभेत मुलांनीच बोलावे. आणि शिक्षकांनी आपापसांत बसून काय चुकले, कोठे मोजणी राहिली, कोणाकडे दुर्लक्ष झाले, ह्याची प्रामाणिक नोंद शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढील वर्षी सहल नेणाऱ्याला तिचा आधार होईल.

शिक्षकबंधुभगिनींनो, १९९८ साली पायथ्याशी रिकामे राहिलेले ते ताट मी अद्याप विसरलेलो नाही. तो मुलगा आज पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो आणि भेटला, की त्या करडाची आठवण काढून हसतो. मला मात्र त्याच्याबरोबर मनमोकळे हसता येत नाही. त्या दिवशी त्याला जे मिळाले ते मी दिलेले नव्हते आणि जे टळले तेही माझ्यामुळे टळलेले नव्हते. यंदा आपण सहलीचा अर्ज कराल, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेच्या आधी मोजणीची यादी तयार करावी, आणि त्या यादीत वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव असावे, इतकीच माझी विनंती आहे.